होडीला हात

आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी गाबितांची, म्हणजे मच्छीमारांची, वीस-बावीस घरे होती. त्या वाडीत एक रीत होती. समुद्रावर गेलेली होडी दिसली, हाकेच्या अंतरावर आली, अगदी तिचे टोक वाळूत रुतले, तरी ती आली असे कोणी म्हणत नसे. सुभद्रा गुडघाभर पाण्यात उतरायची, होडीच्या फळीवर तळवा टेकवायची आणि शेवटची होडी असली की मागे फिरून किनाऱ्यावरच्या सोटावरचा, उंच खांबावरचा, कंदील खाली घ्यायची. हात लागला की होडी आली. ही रीत देवळातल्या कुठल्या मानपानातून आलेली नव्हती आणि जुनीही नव्हती. सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर सुभद्रेने ती सुरू केली, तीही कोणाला काही न सांगता. वाडीने तिला कधी कारण विचारले नाही, कारण कारण सगळ्यांना ठाऊक होते. निदान आपल्याला ठाऊक आहे असे प्रत्येकाला वाटत होते.

सुभद्रा ही महादू तांडेलाची सून. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर शीड चढते आणि उतरते. महादूने आयुष्यभर तेच केले. उतारवयात गुडघे गेले तेव्हा त्याने सुकाणू मुलाच्या, गुणाजीच्या, हातात दिले आणि स्वतः किनारा धरला. खाडीच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी खडप, म्हणजे पाण्यातले खडक, आहे. काळोख पडल्यावर आत शिरणाऱ्याला नेमकी वाट कळावी म्हणून महादूने वाळूत पोफळीचा सोट पुरला, वर कप्पी बसवली आणि दोरीने कंदील चढवायची सोय केली. शेवटची होडी आली की कंदील उतरायचा. हे काम सुनेकडे होते.

त्या वर्षी दिवाळीला चार दिवस उरले असताना गुणाजी आणि शेजारचा बाबली पहाटे होडी घेऊन गेले. दुपारनंतर पश्चिमेला ढग चढले, वारा सुटला. इतर होड्या दिवस असतानाच परतल्या. या दोघांची राहिली. सूर्य बुडाला तेव्हा किनाऱ्यावर महादू होता, सोटाजवळ सुभद्रा होती आणि बाबलीची बायको राधाबाई होती. वाऱ्याने कंदील सोटावर आपटत होता. इतक्यात पाण्यालगत ढगाला फट पडली आणि तिच्यात एक उजेड दिसला. पिवळसर, न लुकलुकणारा. तो दक्षिणेकडून उत्तरेकडे संथ चालला होता. ढगाने तो झाकला आणि पुढच्या फटीत तो पुन्हा दिसला, आधीपेक्षा उत्तरेला.

कोळ्याच्या डोळ्याला समुद्रावरचे सगळे उजेड ओळखीचे असतात. तारा जागचा हलत नाही, वीज जागी थांबत नाही. न लुकलुकता चालणारा उजेड एकच, डोलकाठीवरचा कंदील. महादूने तो पाहिला आणि तांडेल म्हणून जो निष्कर्ष काढायला हवा तोच काढला. पोराने वाऱ्याला पाठ दिली आहे, खडपाच्या वाटेला न जाता तो उत्तरेला मुणग्याच्या खाडीत शिरतो आहे, रात्र तिथे काढून सकाळी येईल. त्याच्या जागी महादूने स्वतः हेच केले असते. तो सुनेला म्हणाला, "इलो गो तो. मुणग्याक शिरता. दिवो उतरय, वाऱ्यान काच फुटात."

सुभद्रेने दोरी सैल केली. कंदील खाली आला. तिघे घरी गेली आणि जेवली.

सकाळी कोणी आले नाही. दुपारी महादू दुखऱ्या गुडघ्यांनीच मुणग्याला चालत गेला. तिथे कुठलीच होडी शिरली नव्हती. मग शोधाला होड्या गेल्या, पण तोवर एक अख्खी रात्र आणि जवळजवळ एक दिवस हातचा गेला होता. आठवड्याने बाबलीचे प्रेत वर देवगडच्या बाजूला लागले. राधाबाईने बांगड्या फोडल्या, केस मोकळे सोडून ती वाडीभर ऐकू जाईल अशी रडली, बारा-तेरा दिवस तिला धरून ठेवावे लागले. वर्षभराने ती बाजारात टोपली घेऊन बसू लागली आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना हसू लागली. गुणाजीचे काहीच हाती लागले नाही. ना प्रेत, ना टोपी, ना होडीची फळी. सुभद्रेला रडण्यासाठी काही मिळाले नाही.

दिवाळी झाल्यावर मुंबईचे वर्तमानपत्र दोन दिवसांनी शिळे होऊन एसटीने आले. परशुरामच्या चहाच्या दुकानात ते मोठ्याने वाचले जाई. परशुराम सातवीपर्यंत शिकलेला होता आणि वाचताना जरा नाटकी आवाज काढी. रशियाने आकाशात एक गोळा सोडला आहे, तो पृथ्वीभोवती फिरतो आहे आणि तिन्हीसांजेला त्याला वर नेऊन मागोमाग फिरणारा अग्निबाणाचा तुकडा ताऱ्यासारखा दिसतो, असे त्यात होते. महादू कोपऱ्यात बसला होता. त्याने विचारले, तो तारा चालतो कसा? परशुरामने ओळ पुन्हा वाचली. सरळ चालतो, लुकलुकत नाही. महादूने बशी खाली ठेवली आणि चहा अर्धा टाकून तो घरी गेला.

त्या संध्याकाळचा उजेड तोच होता की नाही हे आज कोणी सांगू शकणार नाही. दुसऱ्या कुठल्या गावच्या मचव्याचाही असेल. पण महादूने त्या दिवशी तो तोच होता असे मनाशी ठरवून टाकले आणि त्याबद्दल तोंड बंद केले. परशुरामच्या दुकानातली बातमी पाणवठ्यावरून सुभद्रेकडे आलीच. सासऱ्याने सांगितले होते आणि दोरी तिने सोडली होती. घरात दोघे मोठे आणि पाच वर्षांची शेवंती, आणि ही गोष्ट मधोमध. तिच्या बाजूने वळसा घालून ती दोघे वावरत.

त्यानंतर महादूला आकाशाचे वेड लागले असे वाडी म्हणू लागली. वर काय गेले याची बातमी आली की तो परशुरामच्या दुकानात हजर असायचा, आणि त्याचा प्रश्न एकच असायचा. परत आले का? त्याच साली रशियाने कुत्री पाठवली. ती परत येणार नव्हती, तशी सोयच केलेली नव्हती. महादूला हे पटेना. परतीचा वारा नसेल तर होडी बाहेर काढतच नाहीत, एवढे यांना कोणी सांगितले नाही का? पुढे कित्येक महिने परशुराम त्याला दुरूनच हाक मारी, "तांडेलानू, तुमचा कुत्रा अजून इला नाय हां." महादू शांतपणे म्हणे, "मगे सोडल्यानी कित्या?"

साठ साली दोन कुत्री वर जाऊन जिवंत परत आली. त्या दिवशी महादू दोन वाट्या पेज जास्त जेवला. पुढच्या वर्षी माणूस गेला, पृथ्वीला एक फेरी मारून एका शेतात उतरला. त्याला आधी कोणी पाहिले, असे महादूने विचारले. शेतात राबणाऱ्या एका बाईने, असे परशुरामने सांगितले. महादूने मान हलवली. मग एक बाई गेली. मग एकजण दोरी बांधून होडीबाहेर लोंबकळला. मग दोन होड्या वरच्या वर एकमेकींना लावून बांधल्या. हे शेवटचे काम किती कठीण असते ते महादू जाणून होता. हलत्या पाण्यात होडीला होडी लावताना बोटे चिरडलेली माणसे त्याने पाहिली होती. तो म्हणायचा, माणसे शिस्तीची आहेत. आधी रिकामी होडी, मग जनावर, मग एक माणूस, मग दोन. एका हंगामात एक गोष्ट. घाई करीत नाहीत. केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या एका गावातून आपल्या सरकारनेही बाण उडवला अशी बातमी आली, तेव्हा त्याने एवढेच विचारले की तिथल्या होड्यांना आता कुठे जागा दिली. ते परशुरामच्या वर्तमानपत्रात नव्हते.

सदुसष्ट साली अमेरिकेतली तीन माणसे बाणाच्या टोकावरच्या बंद खोलीत जळून मेली. बाण उडालाही नव्हता, नुसती तालीम चालली होती. ही एकच बातमी महादूने घरी आणली. जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "किनाऱ्यारच गेले ते." सुभद्रेने त्याच्या ताटात भात वाढला.

सुभद्रेचे असेच झाले होते, काही ऐकले तरी हात पुढच्या कामाकडे जात. ती कामाला कधी चुकली नाही. पहाटे लिलावाला उभी राही, टोपली घेऊन बाजारात बसे, सुके बांगडे फिरवी, शेवंतीची वेणी घाली. एकदा सुरमई कापताना सुरी बोटात शिरली तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकाने सांगितले की बाई, रक्त येते आहे. सांगेपर्यंत तिला कळले नव्हते. लोक म्हणत, सुभद्रा मनाने घट्ट आहे. ती घट्ट नव्हती. पाण्यात फार वेळ राहिलेल्या हाताची कातडी जशी पांढरी पडते आणि बोट बोटाला लावले तरी कळत नाही, तसे तिचे सगळ्याच बाबतीत झाले होते.

कपाळाला कुंकू होते, हातात बांगड्या होत्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेली की घरची बाई करंड्यात बोट बुडवायची आणि तिच्यासमोर क्षणभर थांबायची. लावावे की नाही? ते थांबणे सुभद्रेने दोन वर्षे पाहिले. तिसऱ्या वर्षापासून ती मागल्या दाराने जाऊन भांडी घासायला बसू लागली. सवाष्णींत ती बसेना आणि विधवांनी तिला आपल्यात घेतले नाही. फक्त संध्याकाळी ती सोटाजवळ असायची. आपली होडी नव्हती तरी कंदील चढवायचा, एकेका होडीला हात लावायचा आणि शेवटच्या होडीला हात लागल्यावरच उतरवायचा. कोणी लांबून ओरडून सांगितले की ते बघ आले, तर ती ऐकत नसे. महादू मागे वाळूत बसून हे पाही.

शेवंती सतरा वर्षांची झाली तेव्हा वालावलहून स्थळ आले. मुलगा मुंबईच्या गोदीत होता, घर बरे होते. पाहुण्यांना मुलगी आवडली. त्यांनी देण्याघेण्याचे काही काढले नाही. मुलाच्या आजोबांनी फक्त एक गोष्ट विचारली आणि तीही फार सौम्यपणे. मुलीचा बाप आहे की नाही? पत्रिकेवर त्याच्या नावामागे श्री घालायचे की कैलासवासी? आणि नसेल, तर ज्या घरातल्या माणसाचे काहीच झालेले नाही, त्या घरची मुलगी सुतकातली का मानू नये? बारा वर्षे पत्ता न लागलेल्या माणसाचा दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. ते करून घ्या, दिवाळीपर्यंत आम्ही थांबतो, असे सांगून ते गेले.

बारा वर्षे त्या आश्विनात पुरी होत होती. पण महादू नाही म्हणाला. त्याचे म्हणणे असे की बाहेरच्या जहाजाने पोराला उचलले असेल, कुठल्या देशात नेले असेल, लोक चंद्राकडे जाऊन परत येतात तर माझा पोरगा त्याहून जवळच आहे. वाडीतल्या चार जाणत्यांनी समजावले, भटजींनी समजावले. म्हातारा ऐकेना. मुलाचा पुतळा जाळायचा तर मुलगा का बुडाला ते कबूल करावे लागणार, आणि ते कबूल केले की त्या संध्याकाळच्या उजेडाशी येऊन थांबावे लागणार. हे फक्त सुभद्रेला कळत होते. म्हणूनच तिला बोलता येत नव्हते. तिने म्हटले असते की बाबा, ते गेले, तर त्याचा अर्थ झाला असता की तुम्ही घालवले. आणि न बोलावे तर शेवंतीचे स्थळ जाणार होते. राधाबाईने तिला सरळ विचारले, तुला स्वतःला काय वाटते? सुभद्रेने बराच वेळ विचार करून पाहिला. तिला काहीच वाटत नव्हते.

त्याच पावसाळ्यात माणसे चंद्रावर उतरली. परशुरामने नवा ट्रान्झिस्टर घेतला होता. बाहेर पाऊस कोसळत होता, होड्या माडांखाली झापांनी शाकारून ठेवल्या होत्या, कोणाला काही काम नव्हते, त्यामुळे झाडून सगळी वाडी दुकानात कोंबली गेली. बायाही दारात उभ्या होत्या. राधाबाईने विचारले, "आता संकष्टीक चंद्र बघान उपास सोडूचो, तर तेच्यार ह्येंची पावलां दिसतली काय?" सगळे हसले. महादू हसला नाही. उतरणे म्हणजे अर्धीच खेप, असे म्हणून तो उठून गेला.

चारेक दिवसांनी चंद्राकडे गेलेले तिघे परत येऊन समुद्रात उतरले, आणि त्यानंतर पावसात भिजलेले वर्तमानपत्र आले. परशुरामने आज नाटकी आवाज काढला नाही, कारण ऐकायला महादू एकटाच होता. मोठे जहाज आधीपासून त्या पाण्यात येऊन थांबले होते. खोली छत्र्यांना लटकत खाली आली, पाण्यात पडली, उलटली, सरळ झाली. वरून विमानातल्या लोकांना ती दिसत होती. तरी पोहणारे पाण्यात उतरले, त्यांनी खोलीला तरंगता पट्टा बांधला आणि मगच दार उघडले.

महादूने ते दोनदा वाचायला लावले. मग म्हणाला, "दिसत होती तरी खाली उतरले?"

"उतरूक नको? दिसली म्हणान काय झाला?"

"म्हणजे पयलो हात लायल्यानी."

"व्हय तर," परशुराम म्हणाला.

महादू पावसातून घरी आला. सुभद्रा मागच्या पडवीत चुलीच्या धगीवर टांगलेले सुके बांगडे फिरवीत होती. त्याच्या कांबळ्यातून पाणी गळत होते. तो उंबऱ्याशीच उभा राहिला.

"सुभद्रा, तेणी पयलो हात लायल्यानी गो. तू लायतस तसो."

तिने वर पाहिले.

"त्या दिवसा मी उजेड बघून सांगलंय. होडी नाय बघलंय." मग म्हणाला, "दिवो तू नाय उतरयलंस. मी उतरयलंय."

बारा वर्षे हे वाक्य घरात कुठेतरी होते. आता ते बोलून झाले होते. सुभद्रेने वाट पाहिली की आपल्या आत काही होईल. पाऊस पडत होता, चुलीतले लाकूड ओले होते म्हणून धूर होत होता. काही झाले नाही. तिने हातातला बांगडा उलटा केला आणि म्हणाली, "बाबानू, कांबळा काढा. भिजलास."

"वालावलाक निरोप धाड," तो म्हणाला. "दिवाळेच्या आधी करतलंव."

आश्विन वद्यात खाडीच्या कडेला वाळूवर भटजींनी पुतळा रचला. डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा असतो. घरात सात-आठ नारळ होते. महादूने एकेक कानाशी धरून हलवला, पाण्याचा आवाज ऐकला आणि त्यातला एक बाजूला काढला. नारळी पौर्णिमेला समुद्राला द्यायचा नारळ तो याच रीतीने निवडायचा. अग्नीही त्यानेच दिला. पुतळा लवकर जळला, माणसाला लागतो त्याच्या चौथाईही वेळ लागला नाही. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा शेवंती रडू लागली. सुभद्रेच्या बांगड्या राधाबाईने दगडावर फोडल्या आणि फोडता फोडता तीच हुंदके देऊ लागली. भटजी म्हणाले, मागे वळून न पाहता घरी चला. सुभद्रेने मागे पाहिले नाही. तिचे डोळे कोरडे होते.

माघात शेवंतीचे लग्न झाले. पत्रिकेवर बापाच्या नावामागे कैलासवासी छापले होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. त्याआधी, दिवाळीनंतर लगेच, आणखी तिघे चंद्राकडे गेले होते. परशुरामने घरी येऊन सांगितले. महादूने ऐकून घेतले, पण परत आले का, हे विचारले नाही.

पण सांगायचे राहिले ते त्या विधीच्या संध्याकाळचे. सुतकात दुसऱ्याच्या वस्तूला शिवायचे नाही, आणि कोऱ्या कपाळाची बाई आता होडीला कशी चालेल, म्हणून सुभद्रा त्या दिवशी सोटाकडे गेली नाही. कंदील कोणीतरी चढवला होता. ती माडांच्या रांगेत लांब उभी राहिली. काळोख पडताना शेवटची होडी खडप चुकवून आत आली. तिच्यावर बाळा खवणेकर आणि त्याचे दोन भाऊ होते. टोक वाळूला लागले. एरवी माणसे लगेच उड्या टाकतात. आज तिघे बसून राहिले. लाट आली, होडी उचलली गेली, पुन्हा बसली. किनाऱ्यावरच्या एकाने फळीला लावायला हात पुढे केला, तर बाळाने त्याला मानेनेच नको म्हटले. मग त्याने माडांकडे बघून हाक दिली.

"वैनी, आमी इलंव काय नाय, ता सांग. घराक जावचा आसा आमका."

सुभद्रा जागची हलली नाही. तिने महादूकडे पाहिले. म्हातारा वाळूत नेहमीच्या जागी बसला होता. त्याने पाण्याकडे बोट केले.

ती खाली आली. लुगडे सावरून गुडघाभर पाण्यात उतरली. बांगड्या नसल्यामुळे हात हलका झाला होता, थोडा जास्तच वर उचलला गेला. तिने तळवा फळीवर टेकवला. फळी ओली होती, खरखरीत होती आणि गार होती. किती गार होती ते तिला कळले. तिने हात तसाच ठेवला, जरा जास्त वेळ, आणि बाळा तोपर्यंत थांबला.

मग ती वर आली, दोरी सैल केली आणि कंदील खाली घेतला.